खिडकीबाईने उघडलेलं दार

"दोन तिकिटं द्या. एक माझं आणि एक माझ्या शेजारी बसून जो बोलेल त्याचं."

थिएटरच्या तिकीट खिडकीशी उभं राहून हे म्हणणारे गृहस्थ खुर्च्या विणतात. आम्ही सगळे त्यांना वेतकाका म्हणतो. जन्मापासून आंधळे. सरकारी कागदावर मी 'दृष्टिहीन' लिहिते, कारण तिथे तसंच लिहावं लागतं. ते स्वतःला आंधळाच म्हणवतात, आणि समोरचा चाचरत दुसरा शब्द शोधायला लागला की त्यांना हसू येतं. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. शेजारच्या खोलीत अंधांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या आमच्या संघटनेचं ऑफिस, म्हणजे एक टेबल, दार निखळलेलं एक कपाट आणि मी.

खिडकीतल्या बाईने विचारलं, "बोलणारा कुठाय?"

"पळाला. मेहुण्याला आणलं होतं. म्हणाला, तुम्हाला सांगत बसलो तर मी कधी बघू?"

मागे रांग वाढली होती. कुणीतरी ओरडलं, "अहो काका, घरी बसून रेडिओ लावा!" दोघं-चौघं हसले. बाईने खिडकी खाडकन बंद केली. रांगेला वाटलं तिकिटं संपली, शिव्या सुरू झाल्या. एवढ्यात ती बाजूच्या दाराने बाहेर आली, दारावरच्या माणसाला म्हणाली, "जरा खिडकी बघ," आणि वेतकाकांचा हात धरून त्यांना आत घेऊन गेली. रेडिओवाल्याला जाता जाता ऐकवलं, "तुला दिसतंय ना? मग गप्प बसून बघ."

तो सिनेमा तिने त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. खिडकीबाई हे नाव तिला तेव्हापासून पडलं, आणि ते तिला आवडायचं.

खिडकीबाईचं शिक्षण माझ्याइतकंच, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. त्या थिएटरात ती आली झाडू मारायला, खिडकीवर बसली ती नंतर. खेळ सुटला की खुर्च्यांखालचा कचरा काढायचा, पुढचा सुरू झाला की जिने पुसायचे. अख्खा सिनेमा बघायला कधी मिळालाच नाही. एका दिवशी सुरुवात, दुसऱ्या दिवशी मधलं भांडण, कधीतरी शेवट. जे राहून जाई ते ती मनानेच जोडून घ्यायची. पुढे कधी तेवढा तुकडा बघायला मिळाला की ताडून पाहायची, आणि बहुतेक वेळा तिचा अंदाज बरोबर निघायचा. याचा तिला भारी अभिमान. "मला कुठूनही बसवा, पुढचं-मागचं मी सांगते," म्हणायची. लाँड्रीच्या वर दोन खोल्यांत ती आणि तिची थोरली बहीण राहतात. बहीण खाली इस्त्री करते. "घरी हिच्या तोंडून हो-नाही निघायची मारामार," बहीण म्हणते, "आणि तिथे लोकांच्या कानाशी हिची टकळी बघा!"

वेतकाकांनी मग ऑपरेटरताईला आणलं. हीही जन्माची आंधळी, मोठ्या दवाखान्याच्या टेलिफोनवर बसते. तोंडाने फटकळ, आणि कान असे की फोनवर एकदा ऐकलेला आवाज वर्षाने ओळखते. तिच्यामागून कंडक्टर आला. बसमधली नोकरी संपता संपता त्याची नजर गेली. बाकीच्यांनी सिनेमा कधी पाहिलाच नव्हता आणि याने अर्धं आयुष्य पाहिला होता, म्हणून तो स्वतःला तिथला सीनिअर समजायचा. "पुढे सरका, पुढे सरका" करत सगळ्यांना तोच बसवायचा. होता होता आंधळ्यांची एक अख्खी रांग झाली.

बाकीचे प्रेक्षक कुरकुरायला लागले तेव्हा मी मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, हॉलमध्ये बोलण्याने लोकांना त्रास होतो." मी म्हटलं, "तुमच्या हॉलमध्ये लोक घोरतात, भांडतात, कोपऱ्यात बसून लग्नं जमवतात. त्याने होत नाही?" आणखीही बरंच म्हटलं, सगळं छापण्यासारखं नाही. शेवटी रविवारी सकाळच्या खेळाला पाटी लागली: ज्यांना बोलणं चालेल त्यांनीच यावं.

सांगायची रीत रांगेनेच ठरवली. खिडकीबाईने मधोमध बसायचं. पडद्यावर कुणी बोलत असेल तेव्हा गप्प राहायचं. बोलणं थांबलं की त्या फटीत मावेल तेवढं सांगायचं. आणि डोळ्यांना दिसेल तेवढंच. सुरुवातीला ती म्हणायची, "ती दुःखी झालीय." ऑपरेटरताईचं कोपर लगेच बसायचं. "दुःखी म्हणजे काय करतेय?"

"भिंतीकडे तोंड केलंय. नखाने रंग खरवडतेय."

"हां. आता दुःखी आहे की कंटाळलीय ते माझं मी बघते."

कोपरं खाऊन खाऊन खिडकीबाई तयार झाली. इतकी की कंडक्टर म्हणायचा, "मला दिसत होतं तेव्हासुद्धा एवढं दिसत नव्हतं." तिच्या नजरेतून काही सुटत नाही अशी तिची ख्याती झाली, आणि तिनेही ती फारच मनावर घेतली. मी एकदा विचारलं, "एखादी गोष्ट सुटलीच तर गं?" चिडली. "सुटली तर मी तिथे बसू कशाला?"

मग तो घड्याळजीचा सिनेमा लागला.

गोष्ट साधी. एका घड्याळजीची बायको सकाळी शेगडीवर दूध ठेवून बाहेर जाते ती परत येत नाही. तो शोधतो, पोलिसांकडे जातो, मग शोधणं थांबवतो. वरच्या मजल्यावर एक भाडेकरू बाई येते. बायकोचे काही शब्द ती तसेच्या तसे बोलते. ती खरंच बोलते की यालाच तसं ऐकू येतं, ते कळत नाही. मधेच असाही संशय येतो की बायको गेली नाही, यानेच तिचं काही बरंवाईट केलं. अगदी शेवटी जिन्यावर पावलं वाजतात. दारावर थाप पडते. तो उठतो, शर्टाचं बटण लावतो, कडी काढतो. दार उघडतं. आपल्याला दिसतो फक्त त्याचा चेहरा, आणि पडदा काळा होतो. संपलं.

पहिल्या दिवशी लोकांनी खुर्च्या आपटल्या. मीही तणतणत बाहेर पडले आणि दोन दिवसांत परत गेले. का, तर भांडण जिंकायला. मी म्हणत होते बायको आली, माझी धाकटी जाऊ म्हणत होती भाडेकरू. दुसऱ्यांदा बघताना लक्षात आलं की उठण्याआधी तो भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक हाताने थांबवतो. हे मी आधी पाहिलंच नव्हतं. आपलं माणूस यायची वाट बघणारा घड्याळ कशाला बंद करेल? मग पोलीस आले असतील, आणि त्याला ते आधीच ठाऊक असेल? तिसऱ्यांदा गेले तर ज्या चेहऱ्यावर मला भीती दिसली होती तिथे सुटकेचं हसू दिसायला लागलं. आता कशावर विश्वास ठेवायचा? जो सिनेमा सगळं सांगून मोकळा होतो तो घरी पोचेपर्यंत पुरतो. हा घरी येऊन स्वयंपाकघरात बसला. मी भांडी घासताना जाऊबाई मागून म्हणायची, "पण वहिनी, त्याने बटण का लावलं? बायकोसमोर कोण बटण लावतं?" भांडं हातातच राहायचं.

अख्ख्या वस्तीत हेच. सख्ख्या भावांचं वाजलं. मॅनेजर हरखून गेला होता. "लोकांना कळलं नाही म्हणून लोक परत तिकीट काढतात! इतकी वर्षं मी उगाच कळणारे सिनेमे आणले."

एकट्या खिडकीबाईला तो सिनेमा नकोसा झाला. दाराशी उभं राहून तिने तो शेवट कितीदा तरी पाहिला होता. "कामचुकारपणा आहे," म्हणायची. "शेवट करता येईना म्हणून दिवे घालवले." तिच्या त्या जोडायच्या सवयीने तिने ठरवूनही टाकलं होतं की दारात बायकोच आहे. दुसरं कोण असणार?

रांगेला तो सिनेमा सांगायचा होता त्या रविवारी मी नव्हते, आमचा मोर्चा होता. पुढचं मला एकेकाने सांगितलं, खिडकीबाईनेही सांगितलं.

सिनेमाभर ती झकास सांगत होती. शेवट आला. जिन्यावर पावलं वाजली. "उठला. शर्टाचं वरचं बटण लावतोय. कडीवर हात." कडीचा आवाज सगळ्यांनी ऐकला, दाराचं करकरणं ऐकलं. मग काहीच नाही. ना संगीत, ना बोलणं. एवढी लांबलचक फट तिला कधीच मिळाली नव्हती, आणि भरायला जवळ काही नव्हतं.

ऑपरेटरताईने तिचं मनगट धरलं. "कोण आहे?"

दुसरीकडून वेतकाका. "बाई, कोण आलंय?"

मागून कंडक्टर. "दिसत नाहीये का तुम्हाला?"

हे शेवटचं तिला लागलं. पडद्याने दाखवलं नाही आणि हिला दिसलं नाही, यात डोळसाला जमीन-अस्मानाचा फरक वाटेल. रांगेच्या कानांना दोन्ही सारखंच, बाई गप्प. ज्या बाईच्या नजरेतून काही सुटत नाही ती ऐन दार उघडताना गप्प! 'दाखवत नाहीत' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ते तिला स्वतःच्याच कानांना बहाण्यासारखं वाटलं. ती म्हणाली, "तीच आहे. बायको. एकटीच उभी आहे. निळा स्वेटर घातलाय."

"हसतेय?"

"हसतेय."

रांगेने श्वास सोडला. बाहेर पडताना वेतकाका म्हणाले, "चला, आली एकदाची," आणि सगळे आपापल्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्या सिनेमाबद्दल रांगेतलं कुणी अवाक्षर काढलं नाही. काढायला काही उरलंच नव्हतं.

चार दिवस गेले. वेतकाका दाढी करायला बसले होते आणि न्हाव्याच्या दुकानात तोच वाद चालू होता. एक म्हणे भाडेकरू, दुसरा म्हणे पोलीस, न्हावी वस्तरा हवेत धरून दोघांनाही वेड्यात काढत होता. वेतकाका साबणाच्या तोंडानेच हसले. "अरे, एवढं काय भांडता? बायको होती ना. निळा स्वेटर."

दुकान असं हसलं की शेजारचा शिंपी बघायला आला. "डोळे असून आम्हाला माणूस दिसेना, आणि काकांना स्वेटरचा रंग दिसला!"

"आमच्या बाईंनी सांगितलंय. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही."

"मग बाईंना विचारून या, स्वेटर विणला कुणी!"

न्हावी तसा बरा माणूस. तो हळूच म्हणाला, "काका, दाराबाहेरचं दाखवतच नाहीत हो. काळोख होतो." वेतकाका ऐकेनात. खुर्चीतून उठून त्यांनी अख्ख्या दुकानाला सुनावलं की तुम्ही लोक डोळे उघडे ठेवून झोपता, आमच्या बाई बघतात. आणि तसेच अर्ध्या दाढीने काठी आपटत थिएटरवर गेले.

खिडकीशी गर्दी होती. "बाई, एकदा तेवढं सांगा. निळा स्वेटर होता ना? मी भर दुकानात ठासून सांगितलंय."

"त्यांच्या गालावर साबण वाळला होता," खिडकीबाई मला म्हणाली. "मला दुसरं काही दिसतच नव्हतं." खरं सांगायला ती वेळ चांगली होती. पण तिकिटाच्या रांगेतली माणसं ऐकत होती, मॅनेजर बाजूला उभा होता. तिच्या तोंडून निघालं, "होता की. आधीच्या कॉपीत होता. नंतर कापला त्यांनी."

वेतकाकांचा चेहरा उजळला. "असं होय! म्हणजे त्यांनी कापलेला बघितला, आपण अख्खा बघितला!" आणि हे सांगायला ते न्हाव्याकडे परत निघाले.

खिडकी टाकून ती मागे धावली. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत ते दुकानात शिरले होते. आतून वेतकाकांचा आवाज आला, मग हसणं. पहिल्यापेक्षा मोठं. कुणीतरी म्हणालं, "काकांसाठी वेगळी कॉपी काढली रे!" दुकानाची पायरी तिच्यापासून हातभर होती. ती चढली नाही. शिंप्याच्या दुकानाच्या फळीला धरून ते हसणं संपेपर्यंत उभी राहिली, मग गुपचूप परत जाऊन खिडकी उघडली आणि तिकिटं फाडायला लागली. तिने जे केलं त्यात हे मला सगळ्यात वाईट वाटतं. तिलाही हेच वाटतं.

शनिवारी दुपारी रांगेतली माणसं वेतकाकांच्या दुकानात जमतात, उद्याचं ठरवायला. मीही तिथेच असते. त्या शनिवारी खिडकीबाई आली ती उंबऱ्यातच उभी राहिली. कुणी बस म्हटलं तरी बसेना.

"त्या दारात कुणी नव्हतं," ती म्हणाली. "म्हणजे असेल कुणीतरी. दाखवलं नाही. स्वेटर मीच घातला."

"तुम्ही?" कंडक्टर.

"तिला घातला. मनाने."

वेतकाका खुर्चीची बैठक विणत होते. हात चालूच राहिले. "आणि ती कॉपी?"

"तेही खोटं."

"मी न्हाव्याकडे परत गेलो तेव्हा..."

"मी मागून आले होते. बाहेर उभी होते. सगळं ऐकलं मी."

तेव्हा त्यांचे हात थांबले.

मी उसळले. माझ्या तोंडाला काय आलं ते आलं. या माणसांच्या हक्काचा एक खेळ मिळवताना माझ्या चपला झिजल्या होत्या आणि हिने त्यात आपल्या पदरचा शेवट घुसडला होता! ऑपरेटरताईने मला मधेच तोडलं. "तुम्ही थांबा हो जरा. तुम्ही तीनदा बघून आलात ना? आम्ही अजून एकदाही बघितलेला नाही."

मग ती खिडकीबाईकडे वळली. "जिन्यावर मला दोन माणसांची पावलं ऐकू आली होती. तुम्ही म्हणालात, एकटीच उभी आहे. मी म्हटलं, माझेच कान चुकले. आठवडाभर मी फोनवर प्रत्येकाला दोनदा नाव विचारतेय."

खिडकीबाईची मान आणखी खाली गेली.

"आणखी कुठे कुठे घातलेत स्वेटर?"

"कधीमधी. फट फार मोठी आली की."

"नावं घ्या."

तिने घेतली. एका सिनेमात पळून गेलेल्या नायकाला लांब पुलावर ओळखलं होतं, ठिपक्याएवढा होता तरी. दुसऱ्या एकात पुरात सापडलेला कुत्रा जिवंत काठाला लावला होता.

"कुत्रा मेला?" कंडक्टर ओरडला.

"माहीत नाही. पुन्हा दाखवलाच नाही."

"अहो, तो कुत्रा मी सुनेला सांगितलाय! नातीला सांगितलाय!"

कुणी हसलं असतं, पण ऑपरेटरताईने विचारलं, "आणि त्या दुसऱ्या सिनेमातली ती आई? मरताना हसते ती?"

मला वाटलं, हो म्हणेल. मनातून मलाही वाटलं, म्हण बाई, एवढं एक हो म्हण.

"पाठ होती तिची," ती म्हणाली. "चेहरा दिसत नव्हता."

ऑपरेटरताई शांतपणे म्हणाली, "माझी आई गेली तेव्हा भाऊ उशाशी होता. मी त्याला विचारलं नाही. म्हटलं, विचारायचं काय, मला माहीत आहे कसं दिसतं ते. तुम्ही सांगितलेला चेहरा मी आईला लावला." तिने काठी उचलली आणि निघून गेली. खिडकीबाईला दारातून बाजूला व्हायचंही सुचलं नाही. ऑपरेटरताईलाच अंग चोरून जावं लागलं.

वेतकाकांनी बराच वेळ वेताची एकच पट्टी बोटांत फिरवली. मग म्हणाले, "उद्या परत तोच सिनेमा. तुम्हीच सांगायचं."

"मी नको काका. दुसरं कुणी बघा."

"दुसरं कोण? ही?" त्यांनी माझ्या दिशेला मान हलवली. "ही पडद्याशीच भांडेल. तुम्हीच या. आणि जे दाखवलं नाही ते दाखवलं नाही म्हणा. एवढं म्हणायला तुम्हाला कमीपणा का वाटावा, तेच कळत नाही मला. आम्ही तर जन्मभर म्हणतोय."

रविवारी रांग भरली. ऑपरेटरताईही आली, पण पार टोकाच्या खुर्चीवर बसली. खिडकीबाईचा आवाज नेहमीचा नव्हता. चोरट्यासारखी, मोजून-मापून सांगत होती. लंबक थांबवला, सांगितलं. बटण, कडी. दार करकरलं. मी मागच्या रांगेत होते. तिची पाठ ताठ झालेली दिसली.

"दार उघडलंय," ती म्हणाली. "बाहेर काय आहे ते दाखवत नाहीत. त्याचा चेहरा आहे. तोंड थोडं उघडं. डोळे दाराबाहेर."

"चेहरा कसा?" वेतकाकांनी विचारलं.

"मला सांगता येत नाही. कसाही वाटतो. काळोख. संपला."

मग रांग फुटली. दिवे लागले तरी कुणी उठेना. कंडक्टर म्हणाला, एकच माणूस होता, हातात जड पिशवी. ओझं घेऊन चढणारा असाच चढतो, त्याने जन्मभर ऐकलंय. टोकावरून ऑपरेटरताई म्हणाली, "तुमच्या बसला जिना होता वाटतं? दोन माणसं होती. एक थांबत थांबत चढत होतं." वेतकाका म्हणाले, दोन असतील तर पोलीस आणि भाडेकरू, तिनेच आणले. "मग लंबक?" कंडक्टरने विचारलं. वेतकाका म्हणाले, "लंबक त्याने पावलं ऐकायला थांबवला! टिकटिक बंद केल्याशिवाय ऐकू कसं येणार?" हे माझ्या तीन वेळच्या बघण्यात माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि ते मला झोंबलं, मीही भांडणात उतरले. बाहेरच्या दालनात न्हावी भेटला, पुढच्या खेळाला आला होता. वेतकाकांनी त्याची कॉलर धरली. "चल, आता बोल! आता मीही बघितलाय."

खिडकीबाई पोस्टरच्या काचेला टेकून उभी होती. तिच्याशी कुणी वाईट वागलं नाही. कुणी काही विचारलंही नाही. एरवी दालनातलं हे सगळं भांडण तिच्याभोवती झालं असतं. ती रांगेकडे अशी बघत होती, जणू दुसऱ्याचा घास आपण उष्टा करून ठेवला होता हे तिला आत्ता कळलं. मी जवळ गेले, तर म्हणाली, "मला वाटायचं मी त्यांना देतेय." मला तिची दयाही आली आणि रागही गेला नाही.

तोच सिनेमा त्यांनी पुढच्या रविवारीही मागितला, त्याच्या पुढच्याही. दर वेळी ती 'दाखवत नाहीत' म्हणताना मान खाली घालायची, जसं काही दिग्दर्शकाचं नव्हे, तिचंच काही झाकायचं होतं.

त्या सिनेमाच्या शेवटच्या रविवारी खेळ सुटला, सगळे वाद घालत बाहेर गेले. ऑपरेटरताई टोकाच्या खुर्चीवरून उठली नाही. मी तिला बसथांब्यावर सोडणार होते म्हणून दाराशी थांबले होते.

"बाई," ती म्हणाली, "इकडे या. ती आई सांगा. जशी होती तशी."

खिडकीबाई येऊन एक खुर्ची सोडून बसली. समोर नुसता पांढरा पडदा. तिने डोळे त्याच्यावरच ठेवले.

"खोलीत पलंग आहे. खिडकी उघडी, पडदा हलतोय. आई खिडकीकडे तोंड करून झोपलीय. पाठ आपल्याकडे. वेणी पाठीवर. मुलगी पायाशी बसलीय. आईचा हात चादरीवर आहे. बोटं मिटतात, उघडतात. मग उघडीच राहतात. मुलगी उठते. पलंगाला वळसा घालून पलीकडे जाते, वाकून आईच्या तोंडाकडे बघते. बराच वेळ."

"मुलीचा चेहरा?"

"केस पुढे आलेत. दाखवत नाहीत."

"परत सांगा."

तिने परत सांगितलं. या वेळी खिडकीचा पडदा हलायचा थांबतो तेही सांगितलं.

"तो आधी थांबतो की बोटं आधी?"

खिडकीबाईने आठवून पाहिलं. तिला खात्री नव्हती, आणि ती तसं म्हणाली.

"परत."

तिसऱ्यांदा सांगून झालं. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा उरला. ऑपरेटरताई स्वतःशीच म्हणाली, "हसली नसेल." थोड्या वेळाने, "हसली असेलही. भावाला विचारायला हवं." खिडकीबाईचे डोळे भरून आले होते. ती पुढे झुकली. "ताई, मी तुमची..."

"गप्प बसा हो," ऑपरेटरताई म्हणाली. "मी बघतेय अजून."